मिठी मारहाण केली

मुंबईत माणूस कुठलंच काम नुसतं करत नाही, मारतो. झाडू मारतो, फोन मारतो, सही मारतो. बाजारात चक्कर मारतो, नाक्यावर गप्पा मारतो, खालून वरच्या मजल्याला हाक मारतो आणि कंटाळा आला की कामावर दांडी मारतो. मी कॉम्प्युटरचं काम करते, म्हणजे दिवसभर एन्टर मारते. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक या एका शब्दानं माझ्याकडून करवून घेतली. ती चूक निस्तरताना माझ्याच घरातली एक गोष्ट मला दिसली, जी समोर असून मी बघत नव्हते. ती सांगायला हे लिहायला बसले आहे. मी रागीट बाई आहे, तेव्हा लिहिताना कुठे हात जोरात पडला तर सांभाळून घ्या.

आम्ही घाटकोपरचे. वडील मराठवाड्यातून आले आणि डोंगरउतारावरच्या वस्तीत राहिले. आईच्या हाताला जे लागेल ते, लाटणं, उलथनं, चप्पल, आमच्या पाठीत बसायचं, आणि पाठ शेकून झाली की ती आम्हाला छातीशी धरून रडायची. मारून मुटकून वैद्यबुवा म्हणतात तशी मी शिकले, डिप्लोमा केला आणि छोट्या ऑफिसांना डेटाबेस बनवून द्यायला लागले. हल्ली ज्याला त्याला ॲप पाहिजे असतं. माझ्याकडे उरलेत ते एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर यांवर संसार चालवणारे लोक.

त्यातलंच एक म्हणजे बायकांसाठीचं केंद्र. आमच्याच वस्तीच्या तोंडाशी, रेशन दुकानाच्या वर, दोन खोल्या. नवऱ्याचा, सासरचा मार खाल्लेल्या बायका तिथे यायच्या, त्यांचा जबाब लिहून घ्यायचा आणि गरज पडली तर वकीलबाईंमार्फत कोर्टात जायचं, असं काम. केंद्र चालवायच्या त्यांना सगळे मोठ्या ताई म्हणायचे. मूळच्या कोकणातल्या, वडील गिरणीत होते, जीभ मिरचीची आणि मन ओल्या नारळाचं. राग आला की मराठी सुटून मालवणी यायचं. त्यांना पाहिजे होतं ते इतकंच: बाईचं नाव दाबलं की तिचा जबाब समोर यावा आणि तो दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडू नये.

मी एक फॉर्म बनवला. वर नाव, वय, पत्ता आणि मधोमध एक चौकट. त्या चौकटीत वर्डचा अख्खा कागद बसवलेला. वर्ड हा डेटाबेसच्या बाहेरचा गडी, पण त्याला आत आणून बसवता येतं. फाइल कुठे आहे याचा नुसता पत्ता लिहून ठेवला तर मूळ फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये राहते. पण केंद्राच्या त्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर कुणीही बसायचं, म्हणून मी कागदच आत घेतला आणि बाहेरच्या फाइली पुसून टाकल्या. आता जबाब फक्त चौकटीत. त्याला हलवायचं तर स्क्रिप्टमधून हुकूम द्यायचा: उघड, दाखव, लपव, बंद कर. या हुकमांना आमच्या धंद्यात क्रियापदंच म्हणतात. मला त्याची मजा वाटायची. घरी कुणी ऐकत नाही, निदान इथे क्रियापद उच्चारलं की समोरचा हलतो.

कांजूरमार्गची ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच प्रिंटर दुरुस्त करत बसले होते. तिशीची असेल, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करणारी. सुई टोचणाऱ्या बाईचा हात कसा स्थिर असतो, तसा तिचा आवाज स्थिर होता. मोठ्या ताई विचारत होत्या, ती सांगत होती. चार वाक्यं झाली असतील नसतील, तोच जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि तिचं बोलणं तुटलं.

तो नवरा. हातात हेल्मेट. “काय सांगते गं तू यांना? काय सांगते?” म्हणत त्यानं हेल्मेट सरळ मॉनिटरवर घातलं. काच फुटली नाही, आत दबली आणि पडद्यावर काळी शाई पसरल्यासारखं झालं. दुसरा फटका मोठ्या ताईंच्या टेबलावर. तिसरा तिच्यावर पडणार होता. तो मी पडू दिला नाही. हातात काय आहे हे न बघता मी मारलं. कीबोर्ड होता. त्याच्या कानावर आडवा बसला, बटणं उडाली, कानातून रक्त आलं. पुन्हा मारला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं मला क्वचित वाटलंय.

मग मी तिला बाजूला ओढायला हात पुढे केला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्यापासून. मी तिथेच थांबले.

तेवढ्यात त्यानं हेल्मेट टाकलं, ढसाढसा रडायला लागला आणि दारात जमलेल्या दहा-बारा लोकांसमोर तिला मिठी मारली. “चुकलं माझं. चल घरी. चल ना.” घट्ट मिठी, तिचा चेहरा त्याच्या शर्टात पार बुडाला. दारातल्या बायका हळहळल्या. रेशन दुकानदार म्हणाला, “चला, मिटलं.” लोक जिना उतरले. मोठ्या ताईंनीही सुस्कारा सोडला. तिचे हात मात्र खाली लोंबत होते. ते मी पाहिलं होतं, पण पाहिलं होतं हे मला फार नंतर आठवलं.

ती त्याच्याबरोबर गेली. एन्टरचं बटण मला दोन दिवसांनी कपाटाखाली सापडलं.

पंधरा-वीस दिवसांनी ती परत आली, एकटी, उजव्या कुशीला हात धरून. बरगडी मोडली होती. हॉस्पिटलचा कागद होता बरोबर. या वेळी ती तीन तास बोलली आणि मोठ्या ताईंनी शब्दन् शब्द टाइप केला. कांजूरमार्गची खोली तिच्या आईनं तिच्या नावावर केलेली. तिला एकच पाहिजे होतं: त्या खोलीत तिला राहता यावं आणि त्यानं तिथे पाऊल टाकू नये, असा कोर्टाचा हुकूम. हुकूम येईपर्यंत मोठ्या ताईंच्या ओळखीनं ती सांताक्रूझला एका बाईकडे राहायला गेली. तिच्या खोलीत तो राहत होता, तिच्या गादीवर झोपत होता आणि शेजाऱ्यांना सांगत होता की बायको पळून गेली. चोराच्या उलट्या बोंबा.

माझा भाग इथून सुरू होतो.

वकीलबाई हुशार होत्या, पण त्यांना जबाबांची भाषा खटकायची. कुणी म्हणायची मारलं, कुणी हाणलं, कुणी धुतलं, कुणी चोपलं. “कोर्टात हे चालत नाही,” त्या मला म्हणाल्या, “कायद्याचा शब्द मारहाण आहे. सगळीकडे मारहाण केली असं करून दे. तुझ्या मशीनला एका दमात जमेल ना?”

जमणार नाही असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. तोच माझा दोष. स्क्रिप्ट अशी लिहायची होती: एकेक नोंद घे, चौकटीतला कागद उघड, त्यात हा शब्द शोध, तो टाक, बंद कर, पुढच्या नोंदीवर जा. पहिल्यांदा मी नुसतं ‘मार’ शोधायला सांगितलं. एकाच कागदावर करून बघितलं म्हणून वाचले, कारण ‘सुमारे’चं ‘सुमारहाणे’ झालं आणि पत्त्यात ‘कांजूरमारहाण्ग’ आलं. मी एकटीच खो खो हसले. मग शहाणपणा केला: पूर्ण शब्दच धर, मारला, मारली, मारलं, मारले, मारल्या, आणि प्रत्येकाच्या जागी ‘मारहाण केली’ टाक. मारहाण स्त्रीलिंगी, म्हणजे ‘केली’ सगळीकडे जुळेल, एवढा विचार मी केला होता. स्वतःला व्याकरणातलीही पंडित समजत होते.

ज्या दिवशी ती स्क्रिप्ट सगळ्या जबाबांवर सोडायची, त्या दिवशी सकाळी मी घरी शेवटची चाचणी घेत होते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की तो बंद. लेक सहावीत, शाळेला सुट्टी. नवरा विमानतळावर सामान चढवायच्या ड्युटीवर. लेकीनं तिचा टॅब चार्ज करायला माझी वायर काढली. पडदा काळा. तीन तासांचं काम गेलं.

मी तिला मारलं. आधी गालावर, मग पाठीत, आणि मग तीच चार्जरची वायर दुहेरी करून पोटरीवर. “डोळे फुटले का? आई काम करतेय दिसत नाही?” ती ओरडली नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि तिला ते ठाऊक आहे. पोटरीवर दोन लाल रेघा उठल्या. त्या बघितल्या आणि माझा राग नेहमीसारखा झर्रकन उतरला. मी तिला ओढून मिठी मारली, डोक्यावरून हात फिरवला, “माझं बाळ ते” म्हणाले. ती खांबासारखी उभी होती. मला वाटलं, रुसली आहे. संध्याकाळी पाणीपुरी आणते म्हणाले आणि निघाले.

केंद्रात पोचले तेव्हा डोकं जागेवर नव्हतं. गेलेली स्क्रिप्ट तिथेच घाईघाईत पुन्हा लिहिली. असं काम करायच्या आधी अख्ख्या डेटाबेसची एक प्रत बाजूला काढून ठेवायची, हा आमचा पहिला धडा. मी काढली नाही. तीन साध्या जबाबांवर करून बघितलं, तिन्हींत ‘त्याने मला मारलं’ होतं, त्याचं ‘त्याने मला मारहाण केली’ झालं, सुरेख. एन्टर मारला. तीनशेच्या आसपास कागद एकामागून एक उघडत, मिटत गेले. दहा मिनिटांत काम झालं. वकीलबाई खूश. शनिवारी मोठ्या ताईंनी नेहमीप्रमाणे पेनड्राइव्हवर प्रत घेतली, ती जुन्या प्रतीच्या डोक्यावर बसली आणि मूळ जबाबांचा जगात कुठेही मागमूस उरला नाही. हे तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नाही.

तिचा जबाब त्यानंतर छापला गेला. तिनं पानापानावर सही मारली. अर्जाला जोडून तो कोर्टात गेला.

मुलुंडच्या कोर्टात पहिल्या तारखेला मी नव्हते, मोठ्या ताई होत्या. दुपारी त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. “तुज्या त्या मशिनाक येड लागला काय गो? काय करून ठेवलंस ह्या?”

झालं होतं असं. नवऱ्याच्या वकिलानं आधी हॉस्पिटलचा कागद दाखवला. बरगडी मोडलेली, पण वरच्या कातडीवर एकही वळ नाही, व्रण नाही. बेल्टनं मारलं म्हणता तर वळ कुठे आहे? बाई मोरीत पडल्या असणार. मग त्यानं जबाब उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागला. “‘संध्याकाळी नवऱ्याने खालून हाक मारहाण केली.’ साहेब, हाकेला मारहाण? ‘मी आईला फोन मारहाण केली.’ आता फोनतर्फेही अर्ज येणार का? ‘त्याने दाराला लाथ मारहाण केली. नंतर त्याने मला मिठी मारहाण केली.’” कोर्टात लोक हसले. शिपाई हसला. तो वकील म्हणाला, हा बाईंचा जबाब नाहीच, हा कारखान्यात तयार झालेला माल आहे, ही संस्था येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच गोष्ट शिकवते. साहेबांनी जबाब बाजूला ठेवला. संस्थेनं पुढच्या तारखेला खुलासा करावा, तोवर कसलाही हुकूम नाही.

बाहेरच्या पॅसेजमध्ये नवरा भिंतीला टेकून उभा होता. ती समोरून आली तसे त्यानं दोन्ही हात पसरले, मिठीसाठी पसरतात तसे, आणि हसला. मोठ्या ताई सांगत होत्या की ती तिथेच भिंतीला धरून खाली बसली.

मी केंद्रात जाऊन सगळ्या नोंदी उघडल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं होतं. बायका जे काही म्हणून बोलल्या होत्या त्यात मारहाण घुसली होती. ‘मुलाने आनंदाने उडी मारहाण केली.’ ‘मैत्रिणीशी गप्पा मारहाण केली.’ ‘डास मारहाण केली.’ मुंबईची बाई दिवसातून पन्नास वेळा ‘मारला’, ‘मारली’ म्हणते, त्यातल्या दोनच वेळा तिला कुणी हात लावलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं? मीही तशीच बोलते. पण मी यंत्राला शब्द दिला होता, अर्थ दिला नव्हता. स्वतःचाच इतका संताप आला की मी कपाळ टेबलावर आपटून घेतलं. मोठ्या ताईंनी पाठीत एक धपका घातला. “पुरे झाला. आपटून काय तो जबाब परत येतला? तिका बोलव.”

ती आली. मला वाटलं होतं शिव्या देईल. मी तिची माफी मागितली, तर तिनं फक्त विचारलं, “पुढची तारीख कधी आहे, ताई?”

“सही करायच्या आधी वाचलं नव्हतंस का?” मी विचारलं.

“नाही. परत वाचायचं नव्हतं मला ते.”

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. चौकटीतला कागद उघडला. या वेळी स्क्रिप्टला एकच काम सांगितलं: प्रत्येक ‘मारहाण केली’वर जाऊन थांब, पिवळा रंग भर, पुढे जायला विचार. मग आम्ही दोघी एकेका पिवळ्या शब्दावर थांबायला लागलो.

“हाक?”

“नुसती हाक. तीन वेळा मारली. मी गेले नाही म्हणून तो वर आला.”

“दाराला लाथ?”

“लाथ मारली. कडी तुटली.”

“आईला फोन?”

“मारला. लागला नाही.”

“बेल्टनं?”

“ती मारहाण. राहू दे.” ती शांतपणे बोलत होती. कुठला मार खरा आणि कुठला नुसता बोलण्यातला, हे ती मला एखादी नस शोधावी तसं बोट ठेवून दाखवत होती. बेल्ट, बादली, भिंत, पुन्हा बेल्ट. मला मध्येच पाणी प्यायला उठावं लागलं. ती बसून राहिली.

शेवटचा पिवळा शब्द आला. “इथे मिठी आहे. मिठी मारली, असं करते हं.” मी बोट कीबोर्डवर ठेवलं.

तिनं माझं मनगट धरलं. हळूच, पण धरलं. “थांबा.” ती पडद्याकडे बघत राहिली. ओठ हलले, वाक्य मनात वाचत असावी. “ते नका बदलू.”

“अगं, पण ती चूक आहे. माझ्या मशीनची चूक आहे ती.”

“हो. तरी नका बदलू. मी सांगेन त्यांना.”

मी वकीलबाईंना विचारलं. त्या वैतागल्या, केस हातची जाईल म्हणाल्या. त्यांनी खुलाशाबरोबर दुरुस्त जबाब तयार केला, त्यात तेवढी एक जागा तशीच ठेवली आणि खाली टीप टाकली.

पुढच्या तारखेला मी गेले. साहेबांसमोर उभं राहून सांगितलं की मी प्रोग्रामर, मी असा असा हुकूम लिहिला, त्यामुळे बाईंचे शब्द बदलले, दोष बाईंचा नाही. नवऱ्याचा वकील म्हणाला, “म्हणजे कबूल झालं. आणि मूळ शब्द मिठी मारली, म्हणजे नवरा-बायकोचा समेट झाला होता. बाईंच्याच तोंडचा पुरावा आहे.” मला घाम फुटला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या चुकीनं तिची अब्रू गेली आणि चूक दुरुस्त केली तर खोली जाणार. नवरा बाकावर मान खाली घालून बसला होता, गरीब गाय.

साहेबांनी तिला विचारलं, “मिठी मारली की मारहाण केली? तुम्ही नक्की काय सांगितलं होतं?”

“मिठी मारली, असंच बोलले होते मी, साहेब. लिहिताना चूक झाली ती या ताईंची. पण वाचल्यावर मला वाटलं, मशीन बरोबर बोलतंय.”

कुणी हसलं नाही. ती त्याच स्थिर आवाजात बोलत राहिली. “तो मारायला लागला की शेजारी दार वाजवायचे. मग तो दार उघडायचा आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारायचा. रडायचा. लोक बोलायचे मिटलं, आणि जायचे. ते गेले तरी तो सोडायचा नाही. दाबत राहायचा. कानात बोलायचा, आता ओरड, बघू कोण येतं. बेल्टचे वळ आधीचे होते, ते गेले. ही बरगडी बेल्टनं नाही मोडली, साहेब. मिठीत मोडली. म्हणून वर व्रण नाही.”

टाइप करणारी मुलगी थांबली आणि तिनं वर बघितलं. साहेब म्हणाले, “बाई बोलल्या तसं लिहा.” मग त्यांनी हॉस्पिटलचा कागद पुन्हा मागवून घेतला आणि बराच वेळ वाचला. नवऱ्यानं मान वर केली होती आणि त्याचे हात, मी बघत होते, मांडीवर आवळले होते.

हुकूम त्याच दिवशी मिळाला. शेवटचा नाही, पुढच्या निकालापर्यंतचा, पण मिळाला. त्यानं खोली सोडायची आणि तिच्या आसपास फिरकायचं नाही. मोठ्या ताईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी तिला जवळ घ्यायला दोन्ही हात उचलले आणि तसेच खाली घेतले. तिनं ते पाहिलं. तिनंच माझा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

घरी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. लेक जमिनीवर पालथी पडून नकाशात नद्या रंगवत होती. पोटरीवरच्या रेघा कधीच गेल्या होत्या. मी पर्स टेबलावर ठेवली, तर आवाज जरा जोरात झाला. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. मागे वळून तिनं माझा चेहरा बघितला आणि मग खांदे खाली आले. असं रोजच होत असणार. मी आजच पाहिलं.

मी तिच्यापासून थोडी दूर, भिंतीला टेकून बसले. “एक विचारू?”

“काय केलं मी?”

“काही नाही केलंस. मी तुला मारते ना, आणि मग मिठी मारते. तेव्हा तुला काय वाटतं?”

तिनं निळा पेन्सिल-रंग खाली ठेवला. उत्तर द्यावं की नको, याचा अंदाज घेत होती. “काही नाही वाटत. मी मोजते.”

“काय मोजतेस?”

“तू कधी सोडशील ते.”

माझ्या आईच्या छातीशी मी काय करायचे, ते मला तेव्हा आठवलं. मी तिच्या साडीवरची फुलं मोजायचे. दोन्ही हात मी मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसले. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायलाही हात काढले नाहीत.

“कितीपर्यंत जातं?”

“कधी वीस. त्या वायरच्या वेळी एकसष्ट.” मग तिनं माझ्याकडे जरा भीतीनंच बघितलं. “तू रडतेस का? आज तर तू मारलं पण नाहीस.”

“नाही मारलं.”

“मग जवळ येणारेस का?”

“तू सांगशील तर.”

तिनं विचार केला. “नको,” म्हणाली, “तिथेच बस.” आणि पुन्हा नकाशाकडे वळून गोदावरी रंगवायला लागली.

मी तिथेच बसले.